लहान राहण्याचा खर्च

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मृतीसाठी ही माला चालते ते गृहस्थ शिक्षक होते आणि फळ्यावर आकडे मांडल्याशिवाय त्यांचं बोलणं पुढे सरकत नसे, असं मघाशी प्रास्ताविकात ऐकलं. मी फळा मागितलेला नाही, पण आकडे आणले आहेत. माझा व्यवसायच तो. कोल्हापुरात उद्यमनगरातले वर्कशॉपवाले, बाजारातले दुकानदार, चपलांचे कारागीर यांच्या वह्या तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. धंदा वाढवावा की आहे तेवढाच ठेवावा, हा प्रश्न माझ्या टेबलासमोर बसून लोक विचारतात तेव्हा त्यांना उपदेश ऐकायचा नसतो. बेरीज-वजाबाकी ऐकायची असते. आजही तीच करू.

'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्यावर विनोद करून झाले, आणि त्यातले निम्मे पुणेकरांनीच केले. ही पाटी लावणारा दुकानदार ती अभिमानाने लावतो. आणि आपणही 'बघा, लोभ नाही या माणसाला' असं म्हणून आत शिरतो. मी मात्र या पाटीमागे तीन वेगवेगळ्या गोष्टी पाहिल्या आहेत. एक दुकानदार खरोखरच विचार करून एका दुकानावर थांबलेला असतो. दुसऱ्याला शाखा काढायची होती, बँकेने कर्ज दिलं नाही. आणि तिसऱ्या ठिकाणी दोन भावांची वाटणी झालेली असते, धाकट्याने पुढच्या चौकात तेच नाव लावून दुकान थाटलेलं असतं, म्हणून थोरला ही पाटी रंगवून घेतो. पाटी एकच. निर्णय मात्र तिघांपैकी एकानेच घेतलेला. बाकीच्या दोघांच्या वाट्याला परिस्थिती आली आणि तिला त्यांनी तत्त्व हे नाव दिलं.

निर्णय म्हटला की तो बदलताही येतो. चितळे बंधूंचं दुकान दुपारी एक ते चार बंद, हा महाराष्ट्राच्या लोककथेचा भाग झाला होता. २०१७ मध्ये त्यांनी ती सुट्टी बंद केली, तर वर्तमानपत्रांनी तिची बातमी केली. काहींना हळहळ वाटली. मला नाही वाटली. दुपारची विश्रांती हा त्यांचा निर्णय होता, ती सोडणं हाही त्यांचाच.

आता देशाकडे बघू. सहाव्या आर्थिक गणनेत, म्हणजे २०१३-१४ च्या सुमारास, भारतात सुमारे ५ कोटी ८५ लाख आस्थापना मोजल्या गेल्या. त्यांतल्या ७० टक्क्यांहून अधिक ठिकाणी पगारी माणूस एकही नव्हता. मालक, त्याची बायको, मुलगा, भाऊ, संपलं. म्हणजे लहान राहणं ही आपल्याकडची सर्वसाधारण अवस्था आहे. ती कुणी निवडलेली जीवनशैली नव्हे. २०१८-१९ च्या केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणीने तर दहा वर्षांहून जुन्या आणि शंभराहून कमी कामगार असलेल्या कारखान्यांना सरळ 'बुटके' म्हटलं. संघटित कारखानदारीत संख्येने हे निम्मे. रोजगारातला त्यांचा वाटा १४ टक्क्यांच्या आसपास, आणि मूल्यवर्धनातला ८ टक्क्यांच्याही आत, असा तो हिशेब होता. शब्द असभ्य आहे आणि तो दिल्लीत बसून वापरणं सोपं आहे. पण आकडा झटकून टाकता येत नाही. जी मंडळी लहान धंद्याची आरती करतात त्यांनी तो एकदा शांतपणे वाचावा.

या आरतीसाठी शूमाखर यांचं 'स्मॉल इज ब्यूटिफुल' हे १९७३ चं पुस्तक हमखास काढलं जातं, बहुतेक वेळा फक्त मुखपृष्ठापुरतं. हे शूमाखर वीस वर्षं ब्रिटनच्या सरकारी कोळसा मंडळाचे आर्थिक सल्लागार होते, लाखो कामगार असलेल्या अवाढव्य संस्थेत. थोराड यंत्रणेच्या पोटात बसून त्यांना लहानाची किंमत कळली. आपल्याकडे उलट असतं. लहानाच्या गुणांवर बोलणारे बहुधा मोठ्या पगारावर असतात.

आपल्या कायद्यांनीही लहान राहण्याला बराच काळ बक्षीस दिलं. १९६७ मध्ये ४७ वस्तू लघुउद्योगांसाठी राखून ठेवल्या. पुढे ती यादी आठशेच्या वर गेली. शेवटच्या वीस वस्तू २०१५ मध्ये मोकळ्या झाल्या. लोणची, पाव, मेणबत्त्या, वह्या, काड्यापेट्या, अगरबत्ती, काचेच्या बांगड्या, कुलपं अशा त्या वस्तू होत्या. हेतू चांगला होता. पण लघुउद्योगाची व्याख्या यंत्रसामग्रीतल्या गुंतवणुकीवर बेतलेली. तेव्हा ज्याने चांगलं यंत्र घेतलं तो व्याख्येबाहेर जाण्याची भीती, आणि ज्याने जुनंच रेटलं तो सुरक्षित. आता उलटं टोक आहे: एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योगही सरकारदरबारी 'सूक्ष्म' असू शकतो. माझ्या बहुतेक अशिलांना आपण सूक्ष्माच्याही खाली आहोत हे कळून गंमत वाटते.

कामगार कायद्यांच्या पायऱ्या अजून वेगळ्या. १९४८ च्या कारखाने अधिनियमात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार आणि विजेविना वीस, ही सीमा होती. महाराष्ट्राने नंतर ती वीस आणि चाळीसवर नेली. भविष्य निर्वाह निधी विसाव्या माणसापासून, राज्य विमा आणि ग्रॅच्युइटी दहाव्यापासून. परिणाम काय झाला, ते हजेरीपट पाहणाऱ्याला विचारा. हजेरीपटावर नऊ नावं असतात आणि चहाचं बिल पंधरा माणसांचं. मी चहाचं बिल आधी बघतो.

याचं सर्वांत मोठं उदाहरण माझ्या घरापासून फार लांब नाही. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये आला. त्यातून पुढे उभं राहिलेलं शहर हे कर्तबगारीचं काम आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी या तिन्ही ठिकाणी एक युक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालली. शेड एक, आत माग चोवीस, आणि कागदावर चार धंदे: एक स्वतःच्या नावे, एक बायकोच्या, एक भावाच्या, एक आईच्या. मीटर चार, पाट्या चार. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या काळात गिरण्यांचं कितीतरी कापड भिवंडीच्या मागांवर निघू लागलं, आणि ज्या कामगाराला गिरणीत पाळी, रजा, फंड होता त्याचं काम बारा तासांच्या पाळीत, नगावरच्या मजुरीवर होऊ लागलं. हे सगळे माग कागदोपत्री लहान होते. मालकाला लहान राहणं परवडलं, कारण त्याचा खर्च मागासमोर उभ्या माणसाने उचलला. म्हणून कुणी 'मला लहानच राहायचंय' म्हणालं की मी विचारतो, खर्च कुणाच्या नावे टाकायचा?

आता वाढीचा हिशेब मांडतो. आकडे कुणा एका अशिलाचे नाहीत, पण उद्यमनगरातला माणूस ते ऐकून मान हलवील. दोन लेथ, एक संगणकावर चालणारं व्हीएमसी यंत्र, जॉब वर्क. महिन्याला ५ लाखांची बिलं, वर्षाला ६० लाख. नफा शेकडा ८, म्हणजे ४ लाख ८० हजार. गिऱ्हाईक पैसे देतं ९० दिवसांनी. तेव्हा १५ लाख रुपये कायम बाजारात. एक दिवस पुण्याची मोठी कंपनी येते आणि धंदा दुप्पट होतो. पेढे वाटले जातात. उलाढाल १ कोटी २० लाख, नफा त्याच दराने ९ लाख ६० हजार. पण बाजारात आता ३० लाख अडकणार. वरचे १५ लाख कॅश क्रेडिटमधून, घर तारण ठेवून. १२ टक्के धरा, व्याज १ लाख ८० हजार. आजवर मालक प्रत्येक जॉब स्वतः मायक्रोमीटरने तपासत होता. दोन पाळ्यांत ते जमणार नाही. सुपरवायझर आला, महिना २५ हजार, वर्षाचे ३ लाख. करा वजाबाकी. उरले ४ लाख ८० हजार. पहिल्या वर्षी होते तेवढेच. फरक इतकाच की घर बँकेकडे आहे आणि रात्री अकराला फोन वाजतो.

शिवाय बिलावरचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा, गिऱ्हाइकाचे पैसे येवोत न येवोत. ४५ दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा २००६ पासून आहे, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट व्याजाची तरतूदही आहे. ते व्याज मागून पुढची ऑर्डर घालवणारा शूर माणूस मला अजून भेटायचा आहे. अलीकडे आयकर कायद्याने वेळेत न दिलेल्या बिलाची वजावट खरेदीदाराला नाकारायला सुरुवात केली, तेव्हापासून मार्चअखेर पैसे थोडे लवकर येतात. हा दंडाचा परिणाम आहे. सौजन्याचा म्हणाल तर शोधावा लागेल.

दुसरा रस्ता बघा. धंदा ६० लाखांचाच ठेवला आणि भाव शेकडा ५ ने वाढवला. वरचे ३ लाख जवळजवळ सगळे नफ्यात. भाव वाढला म्हणून दहा टक्के काम गेलं, असं धरू. माल आणि मजुरी उलाढालीच्या ७० टक्के धरली, तरी नफा ५ लाख ७० हजार पडतो. म्हणजे कर्ज न काढता, सुपरवायझर न ठेवता, दुप्पट धंदेवाल्यापेक्षा जास्त. मग सगळे असंच का करत नाहीत? कारण भाव ठरवणं त्यांच्या हातात नसतं. वाहनांचे सुटे भाग बनवून देणाऱ्याकडून कंपनी दरवर्षी भाव कमी करून मागते. एकाच गिऱ्हाइकावर चाललेला धंदा कितीही लहान ठेवा, त्याचा आकार आणि भाव दोन्ही दुसऱ्याच्या खरेदी खात्यात ठरतात. तिथे 'लहान राहीन' म्हणायला काही अर्थ नाही. आधी आणखी चार गिऱ्हाइकं मिळवा, मग आकाराचं बोला. आणि हेही खरं, की चारपट झालेला धंदा पुन्हा सुधारतो, सुपरवायझरचा पगार जास्त मालावर वाटला जातो, बँकेचा दरही कमी होतो. अडचणीची जागा मधली आहे. मालकाच्या नजरेत मावत नाही आणि व्यवस्थापक ठेवण्याइतका मोठा नाही, असा धंदा सर्वांत जास्त माणसं झिजवतो. त्या मधल्या पट्ट्यात पाय टाकायचा असेल तर पलीकडे जायच्या तयारीने टाकावा. अर्ध्यात थांबून श्वास घ्यायची सोय तिथे नाही.

चपलेकडे येतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच चपला दाखवल्या, सुरुवातीला मूळ न सांगता. गदारोळ झाल्यावर कंपनीने कोल्हापुरीचं ऋण मान्य केलं. त्यानंतर आमच्याकडे जो तो विचारू लागला, आता कारागिराने किती मोठं व्हायचं? बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं चामडं, वादीची शिलाई, वर वेणी. सगळं हाताने. समजा परदेशातून काही हजार जोडांची मागणी आली, तीन महिन्यांच्या मुदतीची. कारागीर हिशेबाला बसतो. चामड्याचा भाव त्याला पाठ आहे. वादी, रंग, तळ, सगळं पाठ. वेणीपाशी तो अडतो. वेणी घरातली बाई घालते: बायको, आई, सून. तिची मजुरी त्याने कधी लिहिलेलीच नाही. मोठ्या ऑर्डरसाठी गल्लीतल्या दहा बायका बोलवाव्या लागतात, त्या मजुरी मागतात, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला कळतं की आपण जोड विकतो तो भावच खोटा होता.

इथे मला फार आशा दिसते, कारण मोठ्या ऑर्डरने धंदा न वाढवताही एक उपकार केला: किंमत उघडी पाडली. ऑर्डर घ्यावी की न घ्यावी हे नंतर ठरवता येईल. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच आधी करायला लावतो. वहीत चार ओळी वाढवा. तुमचा स्वतःचा पगार, बाहेर त्याच कामाला मिळाला असता तेवढा. बायकोचा पगार. दुकान स्वतःच्या जागेत असेल तर तिचं भाडं. म्हाताऱ्या वडिलांनी गल्ल्यावर बसून दिलेला वेळ. मग नफा बघा. बऱ्याचदा तो शून्याखाली जातो आणि समोरचा माणूस माझ्यावर रागावतो. राग ओसरला की भाव वाढवायचा विषय निघतो. त्याआधी तो कधीच निघत नाही.

घरात बसून काम करणाऱ्या बाईची मजुरी वहीत कशी लिहावी, याचा धडा मुंबईत १९५९ मध्येच घालून दिला गेला आहे. १५ मार्चला गिरगावात सात बायका गच्चीवर पापड लाटायला बसल्या, भांडवल ८० रुपये, तेही उसने. त्याचं श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड झालं. आज चाळीस हजारांवर बहिणी तिथे काम करतात, तेव्हा लिज्जत लहान आहे असं कुणी म्हणणार नाही. पण बघा त्यांनी काय लहान ठेवलं. भिजवलेलं पीठ बहीण घरी नेते, लाटते, वाळवते, दुसऱ्या दिवशी आणून देते. वजन होतं, मजुरी मिळते. पोळपाट-लाटण्यापाशी यंत्र आणलं नाही. उडदाची खरेदी, पीठ, मसाल्याचं प्रमाण, छाप, विक्री हे सगळं मात्र मोठ्या मापाने, एकत्र. सगळ्या लहान धंद्यांना हे जमेल असं नाही. पण 'लहान की मोठं' असा अख्ख्या धंद्याचा एकच कौल घ्यायची गरज नसते, हे त्यातून दिसतं. चपलेच्या बाबतीतही चामडं कमावणं आणि विक्री एकत्र करता येईल, वेणी हातातच राहील. बोलणं सोपं आहे. कारागिरांच्या संघांत एकमेकांवरचा अविश्वास केवढा असतो ते मी बैठकांत बसून पाहिलंय.

काही कामं मुळातच लहान होत नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं बेळगावातलं सायकलचं दुकान लहान चाललं असतं. पण त्यांना लोखंडी नांगर करायचा होता, आणि लोखंडी नांगर घरी लाटता येत नाही. ओतकामाची भट्टी पेटवली की तिला रोज पुरेल एवढं काम लागतं. १९१० मध्ये औंध संस्थानात त्यांनी कारखाना आणि वसाहत दोन्ही उभी केली. तिथे आकार कामाने ठरवला. केवळ हाव म्हणून वाढणाऱ्याशी आणि भट्टीची भूक भागवायला वाढणाऱ्याशी एकाच सुरात बोलू नये.

कामगारांचं एक राहिलं. आठ माणसांच्या दुकानात ग्रॅच्युइटी कायद्याने बंधनकारक नाही, फंडही नाही. ज्याने विचारपूर्वक लहान राहायचं ठरवलं, त्याने सर्वांत जुन्या कामगाराच्या साठीचा विचार त्याच वेळी करावा. भविष्य निर्वाह निधीत स्वेच्छेने सामील होता येतं. कायद्यात सोय आहे, फार थोडे वापरतात. त्याने नफा कमी होतो. होऊ द्या, भाव वाढवताना तोही धरा.

आणि शेवटी, मालकाचा मुलगा. तो बंगळुरूला किंवा म्युनिकला आहे, वर्कशॉपमध्ये येणार नाही, आणि वाढलेल्या धंद्यात आला असता असंही नाही. लहान धंद्याला वारस नसणं हे आता नेहमीचं आहे. अशा वेळी मालक दोनच गोष्टी बघतात: बंद करणं किंवा जागेसाठी बिल्डरला देणं. तिसरी शक्यता आत, लेथवर उभी असते. वीस वर्षं काम केलेला फिटर धंदा घेऊ शकतो. त्याच्याकडे एकरकमी पैसा नसतो एवढंच. यंत्रांची आजची किंमत काढावी, नावाची वेगळी काढावी, आणि पाच-सात वर्षांच्या हप्त्यांनी करार करावा. जागा पागडीची असेल तर जागेच्या मालकाची संमती आधी घ्यावी, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली तिचा मोबदलाही घेता-देता येतो. जीएसटी नोंदणी, उद्यम नोंदणी नव्या नावाने. गिऱ्हाइकांना दोघांनी मिळून जाऊन भेटावं. हे सगळं मालक पंचावन्नचा असताना करावं लागतं. सत्तरीत माझ्याकडे येतात तेव्हा फिटरही पन्नाशी ओलांडून गेलेला असतो आणि त्याला बँक कर्ज देत नाही.